निरीक्षकाचं स्वतःचं वजन

२ मार्च, सोमवार

ऑफिसात परिपत्रक आलं. फिरतीवरच्या निरीक्षकांची एक जूनला वैद्यकीय तपासणी. ट्रकच्या वजनकाट्याखाली खड्डा असतो, त्यात उतरावं लागतं, म्हणून निरीक्षकाचं वजन नव्वद किलोच्या आत हवं. नसेल तर फिरती बंद आणि रेकॉर्ड रूममध्ये टेबल. गेल्या वर्षी म्हणे एक निरीक्षक खड्ड्याच्या तोंडाशी अडकला आणि दीड तास निघेना.

तो निरीक्षक मी. पण दीड तास नव्हे, पन्नास मिनिटं. सरकारी कागदात अशी अतिशयोक्ती बरी नाही.

वजनमापे खात्यात मला चोवीस वर्षं झाली. दुकानादुकानांतून फिरायचं, काटे तपासायचे, बरोबर असेल त्याला शिक्का मारायचा, खोट असेल त्याच्यावर केस करायची. रेकॉर्ड रूम मी पाहिली आहे. तिथे खिडकी नाही. तीन महिन्यांत सात-आठ किलो घटवणं माझ्यासारख्याला काय अवघड आहे? वजन हा माझा विषयच आहे.

आजचं वजन: उद्या करतो. जेवण झालंय, आत्ता आकडा खरा येणार नाही.

३ मार्च, सकाळी ६.४०

हिने आणलेल्या नव्या काट्यावर उभा राहिलो. ९६.४. काटा सदोष असावा.

३ मार्च, संध्याकाळ

ऑफिसातून वीस किलोचं प्रमाणित वजन घरी आणून काटा तपासला. काटा अचूक आहे. जिना चढताना धाप लागली, कंबरही धरली. ही म्हणाली, वीस किलो वर आणताना ही गत, मग ते शहाण्णव रोज कोण वर आणतं? उत्तर देण्यासारखा प्रश्न नव्हता.

८ मार्च, रविवार

साडूने मोबाइलवर गट काढला. नाव ‘हलके होऊ या’. एकट्याने वजन उतरत नाही, एकमेकांना धीर द्यावा लागतो, असं त्याने कुठेतरी वाचलंय. गटात चौघं. साडू. तळमजल्यावरच्या हेडबाई, म्हणजे रिटायर झालेल्या मुख्याध्यापिका. रस्त्याच्या टोकाचा बेकरीवाला. आणि मी. मार्गदर्शक कोण हा प्रश्नच निघाला नाही, म्हणजे एकमताने मी.

हेडबाईंच्या हॉलमध्ये सगळ्यांचं वजन झालं. हेडबाई ७१. साडू ८१.२. बेकरीवाला १०४.६. मी ९६.४, पण बेल्ट, पाकीट आणि किल्ल्यांसकट.

हेडबाईंचं म्हणणं, दर रविवारी असंच सगळ्यांसमोर वजन करावं. मी विरोध केला. गट विश्वासावर चालतो, संशयावर नाही. घरी वजन करायचं आणि सकाळी आठला गटात आकडा टाकायचा. बेकरीवाल्याला हे फार पटलं. हेडबाई चष्म्यावरून माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. वयाने नजर अंधूक होते.

उद्यापासून सहाला खाली जमून चालायला जायचं.

९ मार्च

५.३० ला गजर झाला. बंद केला. साडूने गटात लिहिलंय की साखर पूर्ण बंद. साखरझोप त्यात येते का, हे विचारायचं राहिलंय. ६.०५ ला बेकरीवाल्याने खालून दोनदा हाक मारली. आवाज खणखणीत आहे त्याचा. उठलेला माणूस ऐकत नाही असं नाही, पण मी उठलेला नव्हतो.

११ मार्च

योग्य बूट नसताना चालणं गुडघ्यांना घातक. बूट येईपर्यंत चालणं स्थगित.

१३ मार्च

बूट आणले. चावतात.

१५ मार्च, रविवार, ७.५५

मोठा गोंधळ. साडूने पावणेआठलाच आकडा टाकला: ७९.८. आठवड्यात जवळजवळ दीड किलो. लगेच मेहुणीचा हिला फोन. ही फोनवर नुसती ‘हो का, वा’ म्हणत होती आणि माझ्याकडे बघत होती.

काट्यावर उभा राहिलो. ९६.९.

काटा उचलून बेडरूमच्या जाड गालिच्यावर ठेवला. ९५.१. मऊ जागेवर काटा कमी दाखवतो हे मला माहीत आहे. याच कारणासाठी मी दोन दुकानदारांवर केस केली आहे. पण ते दुकानदार होते. आरोग्याच्या कामात उमेद टिकणं महत्त्वाचं.

गटात ९५.१ टाकलं. बेकरीवाल्याने लिहिलं, साहेब, मानलं तुम्हाला. साडूने नुसता अंगठा. तोही उशिरा.

१८ मार्च

बेकरीवाल्याला आधार द्यायला बेकरीत गेलो. चोवीस तास केक-बिस्किटांच्या वासात राहणाऱ्या माणसाला आधाराची जास्त गरज. तो काउंटरमागे काकडी खात बसला होता. मला चहा आणि दोन क्रीम रोल दिले. त्याचा निर्धार तपासावा म्हणून मी ते त्याच्यासमोर सावकाश खाल्ले. त्याने हातसुद्धा लावला नाही. पास केलं त्याला.

२२ मार्च, रविवार

फरशीवर ९७.२. गालिच्यावर ९५.४. म्हणजे आता गालिचाही साथ देईना. साडू ७८.९.

शांतपणे विचार केला. गेल्या आठवड्याचा वेग १.३ किलो. तो कायम धरला तर आजचा आकडा ९३.८ होतो. याला खोटं म्हणता येणार नाही. ही आगाऊ नोंद आहे. प्रत्यक्ष वजन मागाहून येऊन मिळेल.

टाकलं. तीन अंगठे.

२९ मार्च, रविवार

९२.५. (त्याच हिशेबाने.)

बेकरीवाला १०४.१. तीन आठवड्यांत अर्धा किलो. दुपारी त्याचा फोन आला. आवाज पडलेला होता. म्हणाला, साहेब, रोज सहाला चालतो, गोड सोडलं, तरी काटा हलत नाही. माझ्यातच काहीतरी कमी आहे. मी वीस मिनिटं मार्गदर्शन केलं. निर्धार हवा म्हटलं. रात्रीचं जेवण बंद करून बघा, माझं गुपित तेच. मध्येच त्याने विचारलं की फोनवर कुरकुर आवाज कसला येतोय. लाइन खराब आहे म्हटलं, आणि बिस्किटं बाजूला ठेवली.

एकाला तरी माझ्यामुळे दिशा मिळाली.

३० मार्च

दुसऱ्याला सांगितलं ते स्वतः करायला हवं. आजपासून रात्रीचं जेवण बंद. आठला ताटावर बसलो नाही. सव्वाआठला स्वतःची कीव आली. साडेआठला जेवलो. अर्धा तास पूर्णपणे निभावला.

९ एप्रिल, गुरुवार

आज ट्रकच्या वजनकाट्याची तपासणी. माप बरोबर निघालं. काम झाल्यावर प्लॅटफॉर्मवर कोणी नसताना सहज स्वतः उभा राहिलो. पडद्यावर ९०. स्वच्छ, हिरव्या अक्षरात.

हा काटा दहा-दहा किलोच्या पायरीने चालतो आणि चारशे किलोच्या खाली त्याच्यावर विश्वास ठेवू नये, असं त्याच्यावरच लिहिलेलं आहे. ती पाटी मीच लावायला लावली होती. शिवाय माझा एक पाय कडेला होता. तरीही सरकारी शिक्का असलेलं यंत्र आहे. शिक्का माझाच.

१२ एप्रिल, रविवार

टाकलं: ९०.०. अंगठे, टाळ्या. बेकरीवाल्याने टाळ्यांची सहा चित्रं पाठवली. साडू ७७.५, पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

मेहुणीचा फोन आलाच नाही. मीच हिला म्हटलं, करून बघ ना तिला. ही म्हणाली, तुम्हाला जे लिहायचं ते लिहा, माझ्या तोंडून माझ्या बहिणीला खोटं वदवून घेऊ नका. बायका आकडेवारीकडे भावनेने बघतात.

१६ एप्रिल

शिंप्याकडे गेलो. दोन पँटची बटणं सरकवून घ्यायची होती. म्हटलं, धुण्यात आटल्या. शिंपी म्हणाला, टेरिकॉट आटत नाही. मग म्हणाला, पण तुमच्याबद्दल ऐकलं बेकरीत, बरेच बारीक झालात म्हणे. आणि टेप हातात धरून माझ्या पोटाकडे बघत राहिला. त्याच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून तो पुढे काही बोलला नाही.

१९ एप्रिल, रविवार

८८.७. नव्वदच्या आत. म्हणजे कागदोपत्री मी फिट आहे.

खरं वजन बरेच दिवस केलेलं नाही. बेसुमार वेळा वजन करणं मनाला चांगलं नाही असं म्हणतात.

३ मे, रविवार

बेकरीवाला ९९.२. शंभरच्या खाली. दुपारी आधार द्यायला बेकरीत गेलो तर त्याने माझे दोन्ही हात धरले. गालाची हाडं दिसायला लागलीत त्याच्या. त्याची बायको म्हणाली, हे आता दिवसातून एकदाच जेवतात, तेही चमच्याने मोजून. जरा सांगा ना यांना. मी म्हटलं, सांगतो.

भट्टीशेजारच्या भिंतीवर त्याने एक कागद चिकटवलाय. दोन रकाने. एकात त्याचे आकडे, एकात माझे, आठही रविवारांचे. माझ्या रकान्यावर ‘साहेब’ लिहिलंय आणि खाली रेघ मारलीय. रोज पहाटे पीठ मळताना ते बघतो म्हणाला.

क्रीम रोल घेतला नाही. म्हणजे एकच घेतला.

५ मे, मंगळवार

किराणा दुकानदाराची केस. किलोमागे चाळीस ग्रॅम काटा मारत होता. गयावया करायला लागला: साहेब, मुद्दाम नाही, एकदा काटा पुढे राहिला, कोणी बोललं नाही, मग तसाच चालू ठेवला. मी त्याला चांगलं सुनावलं. गिऱ्हाईक डोळे मिटून तुझ्या आकड्यावर भरवसा ठेवतं, म्हटलं, तो मोडलास की दुकानात उरतं काय.

बोललो चांगलं. गल्ल्यावरची दोन गिऱ्हाइकं मान डोलावत होती.

घरी आलो. जेवलो. लवकर झोपलो.

१० मे, रविवार

८४.८ टाकलं. आकडा लिहिताना बोट जरा थांबलं. नेटवर्क असेल.

बेकरीवाला ९६.८. त्याने लिहिलं, साहेबांना गाठायला अजून बारा किलो.

१३ मे, बुधवार

सकाळी सातला बेकरीवाल्याच्या बायकोचा फोन. भट्टीसमोर चक्कर येऊन पडले. भुवईवर तीन टाके, कोपराला गरम ट्रेचा चटका. दवाखान्यात गेलो. डॉक्टर विचारत होते, कालपासून काय खाल्लं. काकडी आणि पाणी. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, हे कोणी सांगितलं तुम्हाला?

बेकरीवाले म्हणाले, कोणी नाही, मीच करत होतो.

त्यांची बायको माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. म्हणाली, रोज एकच घोकायचे, साहेबांना जमतं तर मला का नाही.

त्याच वेळी सांगता आलं असतं. डॉक्टर बाहेर गेले होते, खोलीत आम्ही तिघंच होतो. मी म्हटलं, विश्रांती घ्या, आणि बाहेर येऊन पाण्याच्या मशीनपाशी बराच वेळ उभा राहिलो.

१४ मे

नोंद करण्यासारखं काही नाही.

१५ मे, शुक्रवार

संध्याकाळी हेडबाईंनी खाली बोलावलं. खुर्ची दाखवली. बसलो. म्हणाल्या, चौतीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या आहेत मी. दर आठवड्याला बरोबर एक पूर्णांक तीन किलो कोणाचंच उतरत नाही. दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं.

मी विचारलं, साडूला? म्हणाल्या, पहिल्याच. तुमची बायको त्याच्याही आधी.

मग कोणी बोललं का नाही? म्हणाल्या, वाटलं, स्वतःहून सांगाल. लाज राखावी म्हणून गप्प बसलो, ते आमचंही चुकलं. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, हो. एका माणसाला नव्हतं. दुकानदार कमी भरून काटा मारतो, तुम्ही कमी सांगून मारलात. आणि त्या बिचाऱ्याने तो माल डोळे मिटून घेतला.

चहा दिला त्यांनी. त्यात साखर होती की नव्हती, सांगता येणार नाही.

१७ मे, रविवार

काटा पिशवीत घालून बेकरीवाल्यांच्या घरी गेलो. ते पलंगावर टेकून बसले होते, भुवईला पट्टी. फरशीवर, सपाट जागा बघून काटा ठेवला. बेल्ट, पाकीट, किल्ल्या काढल्या. उभा राहिलो आणि म्हटलं, तुम्हीच वाचा.

ते वाकले. वाचलं: ९८.३. मग पुन्हा वाचलं.

मग मी सगळं सांगितलं. गालिचा, आगाऊ नोंद, सगळं. नव्वद कुठून आले, त्यांनी विचारलं. ट्रकच्या काट्यावरून. तो किती-किती किलोने पुढे सरकतो? दहा. ते हसायला लागले. इतके हसले की बायको म्हणाली टाके तुटतील. मीही थोडा हसलो.

मग ते हसायचे थांबले. भिंतीकडे बघत म्हणाले, साहेब, मी दीड महिना उपाशी झोपलो.

काटा पिशवीत घातला. बेल्ट तिथेच विसरलो.

१८ मे

बेकरीवाले गटातून बाहेर पडले. मोबाइलवर बारीक अक्षरात एक ओळ येते, तेवढीच.

१९ मे

बेकरीच्या बाजूने गेलो नाही. ऑफिसला मागच्या रस्त्याने गेलो. लांब पडतो. तेवढंच चालणं, असं लिहिणार होतो. पण रिक्षाने गेलो.

२४ मे, रविवार, सकाळी ८

गटात टाकलं: ‘९८.१. आधीचे सगळे आकडे खोटे होते, पहिला सोडून.’ मग हेडबाईंनी विचारलं, चपला काढून? मी म्हटलं, नाही. त्यांनी लिहिलं, काढा. काढल्या. ९७.८.

मेहुणीचा फोन आला नाही. पण साडू संध्याकाळी घरी आला. मला वाटलं मिरवायला आलाय. मग म्हणाला, पहिल्या आठवड्याचे माझेही दोनशे ग्रॅम वाढवलेले होते, मेहुणीसमोर बरं दिसावं म्हणून. मेहुणी म्हणजे ही. ही आतून म्हणाली, ते मला माहीत आहे.

१ जून, सोमवार

वैद्यकीय तपासणी. दारापाशीच वजनकाटा ठेवला होता. आधी वाकून त्याचा शिक्का बघितला, सवयीने. गेल्या डिसेंबरचा, माझाच. उभा राहिलो. ९७.६. नर्सने आकडा मोठ्याने वाचला. मागे रांग होती.

दुपारी तीनला टेबल मिळालं. टेबलाला खण तीन, एकाची चावी नाही. माझी शिक्क्यांची पेटी नव्या निरीक्षकाला दिली. पोरगेलासा आहे, खड्ड्यात सुळकन उतरेल. पेटीची कडी घट्ट लागते, डाव्या बाजूने दाबायची, एवढं त्याला सांगितलं. तो थँक यू सर म्हणाला.

घरी जेवताना ही म्हणाली, आता निदान वेळेवर घरी याल. मग स्वतःच्या ताटातला उरलेला एक घास मला वाढायला म्हणून हात पुढे केला आणि मागे घेतला.

४ जून, गुरुवार

सकाळी सहाला बेल वाजली. ही उठली. बेकरीवाल्यांचा आवाज. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. वाटलं, जातील. ही म्हणाली, झोपलेत हो. ते म्हणाले, असू दे, बसतो.

सोंग घेता घेता खरीच झोप लागली.

उठलो तेव्हा सव्वासात. ते बाहेरच्या खोलीत तसेच बसलेले. हातात माझा बेल्ट, गुंडाळून नीट. म्हणाले, चला. मी म्हटलं, अहो, ऊन वर आलं, लोक बघतील. ते म्हणाले, बघू देत.

मी विचारलं, तुमचं जेवण? तीन वेळा जेवतो म्हणाले, डॉक्टरांनी कागद लिहून दिलाय. वजन दोन किलो वाढलं. आनंदात दिसले.

निघालो. रस्त्यावर शाळेची पोरं, ऑफिसला जाणारी माणसं. शिंप्याने दुकानातून बघितलं आणि मान खाली घातली. दुसऱ्या चौकात माझ्या पोटात कळ आली. त्यांनी वेग कमी केला. माझ्यासाठी केला, हे मला कळलं. कोपऱ्यावरच्या कठड्यावर दोनदा बसलो. त्यांच्या बेकरीपर्यंत पोचलो तेव्हा शर्ट चिंब.

भट्टीशेजारची भिंत मी बघितली. कागद नव्हता. चिकटपट्टीचे चार कोपरे राहिले होते.

परत चालवेना. त्यांच्या पावाच्या टेम्पोतून घरी आलो. पुढे जागा नव्हती म्हणून मागे ट्रेंच्या मध्ये बसलो, एक ट्रे मांडीवर. पाव गरम होते.

मोबाइलवर मोजलेली पावलं: ४१२. बेकरीवाले म्हणाले, जाऊन-येऊन आठशे लिहा, पहिलाच दिवस आहे. चारशे बाराच लिहिली. पाव एक.